हरदोईची कोडी : क्षमता तीच, मग उमेद कुठे गेली?

उत्तर प्रदेशातला हरदोई जिल्हा लखनौच्या वायव्येला, शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना सहा-सहाच्या गटानं एका खोलीत बसवलं आणि प्रत्येकाच्या हाती पंधरा कोड्यांचा गठ्ठा दिला. कोडी दिवाळी अंकाच्या बालविभागात असतात तसली : एका टोकाला आत शिरायची जागा, दुसऱ्या टोकाला बाहेर पडायची आणि मधे भूलभुलैया. पेन्सिल न उचलता, रेघ न ओलांडता वाट काढायची. वेळ पंधरा मिनिटं. त्यानंतर नवा गठ्ठा, पुन्हा पंधरा मिनिटं.

हा खेळ मांडला होता कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या जागतिक बँकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी. त्यांचा पहिला निबंध 2004 साली आला. त्यांना पडलेला प्रश्न मोठा होता. एखाद्या समाजावर शतकानुशतकं लादलेली बंधनं कायद्यानं उठवली, तर तो समाज लगेच बरोबरीनं धावू लागतो का? अस्पृश्यता राज्यघटनेनं 1950 मध्ये संपवली, 1955 मध्ये तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. तरी अंतर उरतं. त्यातलं किती जमीन, पैसा, शाळा यांच्या अभावामुळे आणि किती डोक्यात बसलेल्या अपेक्षांमुळे? पहिल्या कारणांचा हिशोब अर्थशास्त्राला जमतो. दुसऱ्याचा कसा करायचा, यासाठी ही कोडी.

कोडीच निवडण्यात हुशारी होती. गणिताचा किंवा भाषेचा पेपर दिला असता तर कुणाची शाळा चांगली, कुणाच्या घरी शिकवणारं माणूस आहे, याचा परिणाम आकड्यांत मिसळला असता. भूलभुलैयाला पाढे लागत नाहीत. डोळा, चिकाटी आणि थोडी युक्ती लागते. शिवाय पहिल्या फेरीपेक्षा दुसऱ्या फेरीत हात बसतो, म्हणजे थोडंफार शिकणंही त्यात येतं.

एकूण 642 मुलगे होते. निम्मे सवर्ण घरांतले, निम्मे दलित, मुख्यतः चर्मकार समाजातले. बहुतेक गटांत तीन-तीन. गटातली मुलं शक्यतो वेगवेगळ्या गावांची, म्हणजे एकमेकांना न ओळखणारी. नुसतं आल्याबद्दल दहा रुपये आणि सोडवलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक रुपया. तिथल्या मजुराची दिवसाची कमाई तेव्हा पन्नासच्या आसपास होती, त्यामुळे अर्ध्या तासात हाती येणारे हे पैसे पोरांना खाऊपुरते नव्हते. काही गटांत चढाओढही लावली : सहांत जो पहिला येईल त्याला कोड्यामागे सहा रुपये, बाकीच्यांना शून्य.

ज्या गटांत जातीचा उच्चारच झाला नाही, तिथे दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत दखल घ्यावा असा फरक निघाला नाही. या प्रकरणाचा पाया इथे आहे आणि पुढचं वाचताना तो निसटू द्यायचा नाही. कौशल्य सारखंच होतं.

मग दुसऱ्या प्रकारच्या गटांत एकच गोष्ट बदलली. कोडी हातात देण्याआधी प्रयोग घेणाऱ्या व्यक्तीनं सहाही जणांसमोर प्रत्येकाची माहिती वाचून दाखवली : नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, जात. बरोबर आहे ना, असं विचारलं. मुलानं मान डोलावली. संपलं. कुणी कुणाला हिणवलं नाही, वेगळं बसवलं नाही, तुला जमणार नाही असं म्हटलं नाही. कोडी तीच, पैसे तेच, वेळ तेवढाच.

दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या सुमारे पाचव्या हिश्श्यानं घसरली. सवर्ण मुलांची जिथे होती तिथेच राहिली. जात न उच्चारलेल्या गटांत जे अंतर अस्तित्वातच नव्हतं ते इथे आकड्यांत दिसत होतं.

जागतिक बँकेनं आपल्या 2015 च्या विकास अहवालात हा प्रयोग उद्धृत केला आणि तेव्हापासून तो भाषणांतून, शिक्षक प्रशिक्षणांतून फिरतो आहे. फिरता फिरता त्याचं एक सोपं तात्पर्य तयार झालं : दलित मुलांमध्ये न्यूनगंड असतो, जातीची आठवण झाली की तो वर येतो, म्हणून त्यांचा आत्मविश्वास वाढवायला हवा. ऐकायला हे सहृदय वाटतं. पण प्रयोगाचा पुढचा भाग वाचला तर हे तात्पर्य टिकत नाही.

चिठ्ठी टाकल्यावर काय झालं

पुढच्या भागातही जात सगळ्यांसमोर वाचली गेली. पण बक्षिसाचा नियम बदलला. सहांपैकी कुणाला पैसे मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरणार होतं. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला त्यानं सोडवलेल्या प्रत्येक कोड्यामागे सहा रुपये, बाकीच्यांना काही नाही. हिशोब केला तर सहात एक शक्यता गुणिले सहा रुपये, म्हणजे कोड्यामागे सरासरी तोच एक रुपया. मेहनतीचं मोलही तेवढंच, कारण चिठ्ठी निघालीच तर जास्त कोडी सोडवणाऱ्याला जास्त पैसे.

आणि जातीमुळे पडलेलं अंतर नाहीसं झालं.

न्यूनगंडाचा सिद्धांत इथे अडतो. मुलाचा स्वतःच्या बुद्धीवर विश्वास नसेल, तर चिठ्ठीनं तो परत कसा येईल? चिठ्ठी काही त्याला शाबासकी देत नाही. त्याची जात अजूनही खोलीत सगळ्यांना माहीत आहे. बदललं ते एवढंच की बक्षीस कुणाला द्यायचं हे आता माणसाच्या हातात उरलं नाही, निदान मुलाला तसं वाटलं.

हॉफ आणि पांडे यांनी दुसरा प्रयोग नेमक्या याच शंकेवर रचला. काही मुलांसाठी यश आणि मोबदला यांचं नातं यंत्रासारखं ठेवलं, इतकं केलंस की इतके मिळणारच, कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. इतरांसाठी मोबदला ठरवताना मोजणाऱ्याच्या विवेकाला, त्याच्या निर्णयाला जागा ठेवली. पहिल्या मांडणीत जात जाहीर केल्यानं मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही. दुसऱ्यात पडला.

म्हणजे मुलगा मनाशी जे म्हणत होता ते 'मला येत नाही' असं नव्हतं. ते 'मला आलं तरी हे मोजतील का?' याच्या जवळ जाणारं होतं. हे दोन्ही विश्वास क्षमतेभोवतीचेच आहेत आणि बाहेरून त्यांचा परिणाम एकसारखाच दिसतो : पेन्सिल खाली ठेवलेलं पोर. पण दोघांवरचा उपाय एकच असू शकत नाही. पहिल्यात पोराशी बोलावं लागेल, दुसऱ्यात मोजणाऱ्याकडे पाहावं लागेल. शिक्षणाच्या मानसशास्त्रात अपेक्षा आणि मोल असे दोन घटक मानणारी जुनी परंपरा आहेच : काम जमेल असं वाटणं आणि ते करण्यात काही अर्थ आहे असं वाटणं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली असाच एक भेद नोंदवला होता, की मी हे करू शकेन ही खात्री वेगळी आणि केल्यावर त्याचं फळ मिळेल ही खात्री वेगळी. प्रेरणेवरच्या लोकप्रिय लिखाणात पहिल्या खात्रीचा एवढा गजर झाला की दुसरी मागच्या बाकावर जाऊन बसली.

भीती निराधार होती का?

हरदोईच्या मुलाला उगाच शंका आली, एवढ्यावर विषय सोडला तर दोष पुन्हा त्याच्याच मनाकडे जातो. त्यासाठी भारतातलाच आणखी एक प्रयोग शेजारी ठेवून पाहावा.

रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये तो प्रसिद्ध केला. खऱ्या मुलांनी लिहिलेल्या उत्तरपत्रिका घेतल्या आणि त्यांच्या पहिल्या पानावर वय, लिंग, जात ही माहिती सोडत काढून घातली. उत्तर एक, पण एका शिक्षकाला ते उच्चजातीय मुलाचं म्हणून दिसतं, दुसऱ्याला खालच्या मानलेल्या जातीच्या मुलाचं म्हणून. तपासून आलेले गुण पाहिले तर खालच्या मानलेल्या जातींच्या नावावर गेलेल्या उत्तरपत्रिकांना 0.03 ते 0.08 प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) इतके कमी गुण पडले होते. हा फरक लहान आहे आणि तो लहान आहे हे सांगितलंच पाहिजे. एका पेपरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण शून्य नाही, आणि शाळेत एकच पेपर नसतो.

त्या निबंधातली एक गोष्ट मला जास्त बोचली. हा फरक मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींमधल्याच शिक्षकांच्या तपासणीतून आला होता. उच्चजातीय शिक्षकांच्या तपासणीत तो आढळला नाही. याचा अर्थ कुणी कसाही लावो, 'वाईट शिक्षक विरुद्ध बिचारी मुलं' असा सरळ नाट्यप्रवेश इथे बसत नाही. लेखकांचं मत असं की शिक्षक मुद्दाम अन्याय करत नव्हते. कोणती जात किती शिकते याचा मनातला अंदाज, उत्तर नीट वाचून मत बनवायच्या आधीच गुणांत उतरत होता. हा अंदाज ज्या हवेत तयार होतो ती हवा शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही श्वासात घेतात. त्यात कुणाची जात त्याला वाचवत नाही.

तेव्हा हरदोईतल्या मुलाची अटकळ भ्रम नव्हती. बाराव्या वर्षी त्यानं जग जेवढं पाहिलं होतं तेवढ्यावरून काढलेला तो अनुमानधपका होता, आणि दिशा बरोबर होती.

वेगळं बसवल्यावर

हरदोईत गटांचा तिसरा प्रकारही होता आणि प्रशिक्षणांमध्ये त्याचा उल्लेख फार क्वचित ऐकू येतो. काही गट मिश्र न ठेवता एकाच बाजूचे केले : सहाही सवर्ण किंवा सहाही दलित, आणि वर जातही वाचून दाखवली. इथे दलित मुलांची घसरण झालीच, पण सवर्ण मुलांचीही झाली.

2014 मध्ये याच लेखिकांचा पुढचा निबंध आला, 288 उच्चजातीय आणि 294 खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांबद्दलचा. त्यात त्यांनी आपल्या आधीच्या स्पष्टीकरणापेक्षा वेगळी बाजू घेतलेली दिसते. 2004 मध्ये भर होता तो 'मोबदला मिळणार नाही या अपेक्षेवर'. 2014 मध्ये म्हणणं असं की कष्टाळूपणा, हुशारी हे गुण माणसाला कायमचे चिकटलेले आहेत असं आपण धरून चालतो, पण समोरचा प्रसंग माणसातलं कोणतं रूप जागं करतो यावर ते बाहेर येतात किंवा दबतात. सवर्ण मुलांना फक्त सवर्णांच्यात बसवलं की श्रेष्ठत्व आधीच पदरात पडलेलं असतं, मग सिद्ध काय करायचं? असं एक स्पष्टीकरण लेखिका सुचवतात. मला ते पटण्याजोगं वाटतं, पण सिद्ध झालेलं वाटत नाही. स्वजातीच्या पंगतीत बसलेल्या पोराला शिथिल वाटलं असेल किंवा हा काय प्रकार चाललाय म्हणून बुजायला झालं असेल, कोड्यांचे आकडे यातलं नेमकं काय ते सांगू शकत नाहीत.

एवढं मात्र सांगता येतं की जन्मानं मिळालेली जागा आठवून देणं दोन्ही बाजूंच्या मुलांना महागात पडू शकतं. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले, 1998 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग इथे आठवतात. 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपी कामं निवडू लागली, अवघड प्रश्नात अडकल्यावर लवकर हात टेकले. 'तू मेहनत घेतलीस' असं ऐकलेली चिवट राहिली. अमेरिकेतल्या मुलाला मिळालेली हुशारीची पदवी आणि हरदोईतल्या ठाकुराच्या मुलाला मिळालेलं घराणं, दोन्ही हातून काही घडण्याआधीच मिळालेली आहेत. याहून पुढे ही तुलना नेऊ नये, कारण हुशारीची पदवी एका परीक्षेत जाऊ शकते, जात जात नाही.

मग 'मनोवृत्ती बदला'चं काय?

ड्वेक यांच्या कामातून 'बुद्धी वाढू शकते असं मानणारी मुलं जास्त शिकतात' हा विचार जगभर पोहोचला. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांच्या भिंतींवर त्याची पोस्टर्स आहेत, मराठी शाळांत 'प्रयत्नांती परमेश्वर' त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. विचार खोटा नाही. 2019 मध्ये डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 65 शाळांत, नववीच्या बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर तो तपासला. तासाभराहूनही कमी वेळाचा ऑनलाइन पाठ. अभ्यासात मागे असलेल्या मुलांची सरासरी श्रेणी 0.10 अंकांनी वाढली, चारच्या मापावर. परिणाम खरा आणि छोटा. त्याच निबंधात हेही होतं की जिथे सोबत्यांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत होती तिथे पाठाचा परिणाम टिकला. म्हणजे मुलाच्या डोक्यात पेरलेलं बी वर्गातल्या मातीवर अवलंबून राहिलं.

आणि माती बहुतांशी शिक्षकाकडे असते. एलिझाबेथ कॅनिंग आणि सहकाऱ्यांनी, तेही 2019 मध्येच, एका अमेरिकी विद्यापीठातल्या विज्ञान-गणित शाखांच्या 150 प्राध्यापकांना विचारलं की बुद्धी जन्मजात ठरलेली असते असं तुम्हाला वाटतं का. मग त्यांच्या हाताखालून गेलेल्या पंधरा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल पाहिले. बुद्धी ठरलेली मानणाऱ्यांच्या वर्गात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूलनिवासी विद्यार्थी व इतर यांच्यातलं अंतर, तसं न मानणाऱ्यांच्या वर्गातल्या अंतराच्या दुपटीपर्यंत होतं. विद्यार्थ्यांना तिथे कमी प्रेरित वाटायचं, असंही त्यांच्या अभिप्रायांत होतं. हरदोईच्या चिठ्ठीनं जे दाखवलं त्याच दिशेचं हे बोट आहे : क्षमतेबद्दलचा कुणाचा विश्वास, हा प्रश्न विचारताना फळ्याकडे तोंड करून बसलेल्यांना तेवढं विचारून भागत नाही, खडू धरलेल्यालाही विचारायला हवं.

आक्षेप

या प्रकरणावर घेता येण्यासारखे आक्षेप बरेच आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत.

एक जिल्हा, फक्त मुलगे, अर्ध्या तासाचं काम. मुलींचं काय होतं हे यातून कळत नाही आणि दलित मुलीच्या बाबतीत दोन ओझी एकत्र येतात तेव्हा तर अंदाजही करू नये. भूलभुलैया सोडवणं म्हणजे अपूर्णांक शिकणं नव्हे. एका दुपारी पडलेली उमेद वर्षभर पडलेली राहते, हे या आकड्यांनी दाखवलेलं नाही. ते आपण त्यांत घालतो.

दुसरा आक्षेप याच घराण्यातल्या संशोधनावर आहे. एखाद्या गटाबद्दलचा हलका समज आठवून दिला की त्या गटाची कामगिरी घसरते, हे क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन यांनी 1995 मध्ये मांडलं आणि त्यावर शेकडो निबंध आले. पुढे मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांत ते नेहमी सापडलं नाही. 2018 मध्ये नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक शाळकरी मुला-मुलींवर मुलींच्या गणिताबद्दल असा प्रयोग झाला, परिणाम निघाला नाही. तेव्हा हरदोईच्या आकड्यांनाही पवित्र मानायचं कारण नाही. माझ्या मते तरीही त्यांचं वजन थोडं वेगळं आहे, ते चिठ्ठीमुळे. केवळ 'आठवण करून दिली, गुण घसरले' एवढंच असतं तर शंका जास्त घेतली असती. इथे घसरण कशानं थांबते हेही दाखवलं आहे. शिवाय डच मुलीला गणिताच्या तासाला जे हलकंसं ऐकू येतं आणि उत्तर प्रदेशातल्या चर्मकार मुलाला स्वतःची जात चारचौघांत ऐकू येते, या दोन धक्क्यांची जात एक नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो : बाबासाहेब शिकलेच ना? साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे, ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे कारण वर्ग झाडणाराही त्याला हात लावत नसे, आणि शिपायानं वरून ओतलं तरच पाणी मिळे, शिपाई नसेल तर नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. जात वाचून दाखवायची गरजच नव्हती, बसायची जागाच ती पुकारत होती. त्यातून ते वर आले हे खरं, पण सरासरीच्या प्रश्नाला अपवादाचं उत्तर चालत नाही. त्याच शाळांतून त्या काळी किती पोरं तिसरी-चौथीत गळली त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

आपल्या वर्गात जात कधी वाचली जाते

हरदोईत ती मुद्दाम, प्रयोगापुरती वाचली. आपल्या शाळांत ती सहज, कामकाजाचा भाग म्हणून वाचली जाते आणि वाचणाऱ्याच्या मनात बहुधा काही नसतं. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात, बाई वर्गात येतात, 'ज्यांचे जातीचे दाखले राहिलेत त्या मुलींनी उभ्या राहा'. मदतीच्या हेतूनं केलेली ही पुकार आहे. जिल्हा परिषद शाळांत वर्षानुवर्षं मोफत गणवेश सगळ्या मुलींना मिळायचा, पण मुलांत फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. पंधरा ऑगस्टच्या आधी गणवेश वाटताना कोण रांगेत आणि कोण बाकावर हे अख्ख्या वर्गाला दिसायचं. राज्य सरकारनं 2023-24 पासून तो सगळ्याच मुलांना द्यायचं ठरवलं. त्या निर्णयावर चर्चा झाली ती कापडाच्या दर्जाची आणि शिलाईच्या घोळाची. रांग मोडली, हा त्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा कुणाच्या बोलण्यात फारसा आला नाही.

आणि आडनाव आहेच. महाराष्ट्रात पूर्ण नाव सांग म्हटलं की स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव येतं, आणि आडनावावरून गाव-जात ताडण्याचा छंद सुशिक्षितांनाही सुटलेला नाही. आडनाव जुळत नसेल तर 'मूळचे कुठले?' हा पुढचा प्रश्न ठरलेला.

शिष्यवृत्तीचे अर्ज पालकांकडून, कार्यालयाच्या खिडकीवर घेता येतात. हे सोपं आहे आणि काही शाळा करतात. अवघड भाग आहे तो मोजण्याचा, कारण हरदोईत गाठ तिथे होती. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर राज्य मंडळ बारकोड चिकटवतं, परीक्षकाला नाव-गाव दिसत नाही. पण मूल दहावीपर्यंत पोहोचेतो नऊ वर्षं ज्या हातांनी मोजलं जातं त्यांना त्याचं सगळंच माहीत असतं. पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आहे, प्रकल्प आहे, वर्गातलं निरीक्षण आहे, वर्णनात्मक नोंदी आहेत. ही पद्धत आणण्यामागचा हेतू चांगला होता, तीन तासांच्या पेपरच्या धाकातून मुलांना सोडवायचं होतं. पण त्यात शिक्षकाच्या विवेकाला जागा मोठी, आणि हॉफ-पांडे यांच्या दुसऱ्या प्रयोगात जातीचा परिणाम नेमका तिथेच दिसला होता. मला यावरून पुन्हा पेपरच बरा असं म्हणायचं नाही. चिठ्ठी टाकून किंवा बारकोड लावून शिकवता येत नाही. शिकवायला मुलाला नावानं ओळखावंच लागतं.

वरच्या पातळीवरही हेच दिसतं. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या भेदभावाच्या तक्रारी पाहायला 2006 मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी समितीसमोर जे मांडलं त्यात तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिकांमधल्या मूल्यमापनाच्या तक्रारी ठळक होत्या. देशातल्या सर्वात अवघड प्रवेश परीक्षांपैकी एक पार करून आलेली ही मुलं होती. स्वतःच्या बुद्धीवर त्यांचा विश्वास नव्हता असं कोण म्हणेल?

तोंडी परीक्षेत नाव झाकता येत नाही. पण गुण कशाला, किती, हे आधी फळ्यावर लिहिता येतं. कविता म्हणताना उच्चाराला किती, पाठांतराला किती, अर्थ सांगितल्यावर किती. झाल्यावर मुलाला त्याचे तुकडे-तुकडे गुण दाखवता येतात. असं केल्यानं शिक्षकाचा विवेक संपत नाही, फक्त तो मुलाला दिसेल अशा जागी येतो. घटक चाचण्या तर सरळ हजेरी क्रमांकही न घालता, तात्पुरत्या क्रमांकानं तपासता येतील. दोन तुकड्या असतील तर शिक्षकांनी एकमेकांचे गठ्ठे बदलून घ्यायचे. हस्ताक्षर ओळखू येतं हे खरं, पण दुसऱ्या तुकडीतलं कमी येतं.

कुणी मुख्याध्यापकांनी हे एका सहामाहीत करून पाहिलंच, तर निकालाच्या टक्केवारीकडे बघू नये, ती दहा कारणांनी हलते. कोऱ्या सोडलेल्या जागा मोजाव्यात. गणिताच्या पेपरात शेवटचा, चार गुणांचा, वेळ खाणारा प्रश्न असतो. तो किती मुलांनी निदान सुरू केला, चुकला तरी चालेल, आधीच्या चाचणीत किती जणांनी केला होता आणि आता किती. आपलं लिहिलेलं मोजलं जाईल असं वाटणारं पोर तिथे दोन ओळी तरी लिहून जातं.